लॅपटॉपची घडवंची

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. आपल्या मंडळात माझे काम म्हणजे पन्हे गाळावयाचे, सतरंज्या घालावयाच्या आणि कार्यक्रम संपला की त्या झटकून त्यांच्या घड्या करावयाच्या. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. त्यामुळे ‘लॅपटॉप गार कसा ठेवावा’ या विषयावर मी बोलणार असे चिटणीसबाईंनी जाहीर केले, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. ते मी ऐकले. पण राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच हसले असते. पण आमच्या घरी एका उन्हाळ्यात जे घडले ते ऐकून चार घरांना उपयोग होईल, असे चिटणीसबाईंचे म्हणणे पडले, म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले सांभाळून घ्यावे.

आमच्या मुलीसाठी घेतलेला लॅपटॉप नवा नव्हे, दुसऱ्याने वापरलेला. माझा भिशीचा नंबर लागला, त्यात यांनी थोडी भर घातली, आणि अठरा हजारांना तो घरात आला. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवसा अभ्यास, आणि रात्री एका दुकानाचे हिशेब टंकून देण्याचे काम ती त्यावर करी. त्या कामाचे दरमहा चार हजार येत. म्हणजे ते यंत्र तिची शाळाही होती आणि गिरणीही होती. ते बंद पडले तर दुसरे घेण्याची ऐपत आमच्यात नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. कारण पुढची सारी धडपड त्यातून झाली.

मे महिना होता. आमची खोली दहा बाय बाराची. मुलगी गादीवर मांडी घालून, पुढ्यात गादीवरच लॅपटॉप ठेवून काम करीत असे. एका रात्री तो आपोआप विझला. तासाभराने सुरू झाला, पुन्हा विझला. तिसऱ्या वेळी तिने लिहिलेली शेवटची आठ पाने नाहीशी झाली. प्रकल्प द्यावयाला नऊ दिवस उरले होते. मुलगी रडली नाही. नुसती भिंतीकडे पाहत बसली. ती रडली असती तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात दाखविला. न उघडताच त्यांनी सांगितले, आतला बोर्ड गेला असावा, सहा-सात हजार पडतील. आम्ही यंत्र उचलून घरी आलो. रात्री मी सहज त्याच्या खाली हात घातला, तो चटकाच बसला. मी म्हटले, “अगं, हा बिघडला नाही, तापला आहे.”

ती म्हणाली, “आई, तुला त्यातलं काय कळतं?”

खरेच होते, काही कळत नव्हते. पण तापलेले भांडे मी जन्मभर हाताळीत आले आहे, तेवढे मला कळत होते.

आता माझी पहिली चूक सांगते. माझे माहेर अकोल्याकडचे. तिकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि थंडावा म्हणजे पाणी, एवढेच आम्हांस ठाऊक. ओल्या फडक्याचा माठ, वाळ्याचे पडदे, पाण्याचा कूलर. त्या सवयीने मी एका चपट्या स्टीलच्या डब्यात बर्फ भरला, डबा फडक्यात गुंडाळला आणि लॅपटॉपखाली सरकवला. दहा मिनिटांनी पाहिले तर डब्याच्या अंगावर घाम सुटलेला आणि लॅपटॉपच्या पोटावरही पाण्याचे थेंब. माझ्या पोटात धस्स झाले. ताबडतोब बंद करून, उलटा ठेवून, दोन दिवस वाळविला तेव्हा जीव खाली पडला.

आपण जुहूची माणसे, समुद्र आपल्या उशाशी. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. म्हणून माठातले पाणी इथे अकोल्याइतके गार होत नाही. कारण माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जाते, आणि दमट हवा ते पाणी लवकर घेतच नाही. उलट थंड वस्तू दिसली की आपल्याजवळचे पाणी तिच्यावर सोडते. फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात ते हेच. तेव्हा भगिनींनो, विजेच्या यंत्राखाली बर्फ, ओले फडके किंवा गोठविलेली पिशवी कधीही ठेवू नका. माहेरची युक्ती सासरी चालतेच असे नाही.

त्या दोन दिवसांत मी मुलीला म्हटले, “याच्या पोटात काय आहे ते मला नीट समजावून सांग.” तिने कागदावर आकृती काढली. आत प्रोसेसर नावाचा नखाएवढा भाग असतो. सारे डोके तेच, आणि तापते तेही तेच. त्याला एक चपटी तांब्याची नळी चिकटलेली असते. नळीत किंचित द्रव असतो. गरम टोकाशी त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाते, तिथे पुन्हा द्रव होऊन परत येते. मी म्हटले, “म्हणजे मोदकपात्राच्या झाकणासारखे.” ती हसली आणि म्हणाली, “हो, अगदी तसंच.” त्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि तिथे छोटासा पंखा असतो. पंखा खालच्या भोकांतून गार हवा ओढतो आणि ती जाळीतून पाठीमागे किंवा बाजूने बाहेर टाकतो. हवा पोचली नाही तर यंत्र आधी आपले काम मंद करते, आणि तरीही ताप उतरला नाही तर जळू नये म्हणून स्वतःच विझते.

खालची भोके! आणि आम्ही ती गादीत दाबून ठेवीत होतो. चुलीचे तोंड बंद करून वर धूर का कोंडला म्हणून विचारावे, तशातलाच प्रकार.

शेजारच्या इमारतीत संगणकदुरुस्ती शिकलेला एक मुलगा आहे. त्याने तीनशे रुपये घेऊन यंत्र आमच्यासमोर उघडले. त्या पत्र्याच्या जाळीवर कापसाचा चक्क नमदा बसला होता. आमच्या गादीचा आणि गोधडीचाच तो कापूस! त्यात खिडकीतून आलेली बारीक वाळूही होती. आतला पंखा काडीने अडवून धरून त्याने ब्रशाने सारे साफ केले. पंखा अडवावा लागतो, कारण जोराच्या वाऱ्याने तो गरगर फिरला तर बिघडू शकतो. बोर्ड शाबूत होता.

आता खरी परीक्षा. यंत्राच्या आतले तापमान दाखविणारा एक फुकट मिळणारा प्रोग्राम मुलीने घातला होता. मी म्हटले, अंदाजाने बोलावयाचे नाही, लिहून ठेवावयाचे. दुधाच्या हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान घेतले. रोज रात्री नऊ वाजता, त्याच खोलीत, वरचा पंखा तसाच ठेवून, तेच काम अर्धा तास करावयाचे आणि आकडा टिपावयाचा. साफ करण्यापूर्वी गादीवर ९७ अंश होते, तेवढे तिने आधीच पाहून ठेवले होते. साफ केल्यावर गादीवरच ९१. नुसत्या लाकडी टेबलावर ठेवले तेव्हा ८६.

टेबलावरही खालची फट जेमतेम बोटाच्या नखाएवढी असते. ती वाढवावी कशी, या विचारात असता माझी नजर माळ्यावरच्या आंब्याच्या पेटीकडे गेली. यांचे गाव रत्नागिरीकडे. हल्ली पुठ्ठ्याचे खोके अधिक येतात. पण आमच्या घरी गावाहून लाकडी पेटी अजून येते. त्या पेटीच्या फळ्यांमध्ये फटी का ठेवतात, हे मला सासूबाईंनी शिकविले होते. नवी नवरी असताना त्यांनी मला आंब्याच्या अढीत हात घालावयास सांगितले होते. गवतात ऊब लागली. त्या म्हणाल्या, “फळ पिकताना स्वतःच तापतं. अढीत ती ऊब हवी. पण प्रवासात तीच कोंडली तर आंबा नासतो. म्हणून पेटीला फटी.” वीस वर्षांनी ते वाक्य मला लॅपटॉपच्या कामी आले. गादी ही अढी होती. आपल्याला हवी होती पेटी.

पेटी मोडून फळ्या काढल्या आणि पंधरा इंच रुंद, दहा इंच खोल अशी एक चौकट केली. त्यावर बोटभर फटी ठेवून पाच पट्ट्या आडव्या ठोकल्या. बारीक चुका ठोकताना चुकाही पुष्कळ झाल्या. एक फळी फाटली, एकदा अंगठा ठेचला. प्रथम मागची बाजू चार इंच उंच केली, तेव्हा हवा छान खेळली. पण टंकताना मुलीची मनगटे दुखू लागली. म्हणून मागे दोन इंच आणि पुढे एक इंच अशी उंची कायम केली. पुढे घसरू नये म्हणून काठाला बारीक पट्टी मारली; पायांना जुन्या हवाई चपलेचे रबर लावले. काचकागदाने घासून सारे गुळगुळीत केले आणि चुकांची डोकी लाकडात आत बसविली, नाही तर यंत्राच्या पोटाला ओरखडे पडतील.

आमच्या माहेरी पाण्याच्या घागरी ठेवावयाची लाकडी घडवंची असे. तयार झालेली वस्तू पाहून मला तीच आठवली. लॅपटॉप तिच्यावर ठेवला, अर्धा तास झाला, आकडा आला ८०.

पण हे म्हणाले, “नुसत्या हवेनं असं कितीसं होणार?” तेव्हा मुलीने वडिलांना आपल्या जुहूच्याच विमानतळाची गोष्ट सांगितली. १९३२ साली १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे याच आपल्या जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांचे ते लहानसे ‘पुस मॉथ’ विमान. त्याच्या इंजिनाला गार ठेवण्यास पाणी नव्हतेच. समोरून येणाऱ्या वाऱ्यानेच ते थंड राही. स्कूटरच्या इंजिनाला पातळ कड्या असतात त्याही याचसाठी. हवेला पुष्कळ पृष्ठभाग दिला आणि वाहती ठेवली, तर ती मोठमोठी कामे करते. मात्र तिचीही मर्यादा आहे. खोलीत बत्तीस अंश असतील तर नुसता वारा घालून वस्तू बत्तीसच्या खाली जात नाही. वारा थंडी आणीत नाही, फक्त उष्णता वाहून नेतो.

यानंतर मुलीला पंख्याची हौस आली. प्रथम भंगारवाल्याकडून जुन्या संगणकाचा पंखा आणला. तो १२ व्होल्टचा. लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळतात ५ व्होल्ट. फिरे, पण इतका सावकाश की पाती मोजता याव्यात. शेवटी आम्ही दोघी पार्ल्याहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, ५ व्होल्टचा, यूएसबीचा खटका लावलेला, १२० मिलिमीटरचा पंखा २८० रुपयांना घेतला. तेथे निळ्या दिव्याचाही होता. पण दिव्याने गारवा येत नाही, म्हणून साधा घेतला. पट्ट्यांच्या खाली, यंत्राची भोके जिथे येतात त्याच जागी तो बसविला. पंखा लावल्यावर आकडा आला ८२!

वाढला कसा? मुलगी म्हणाली, पंखा खराब असेल. मी देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली आणि पेटवून पंख्याजवळ धरली. धूर वर जाण्याऐवजी खाली ओढला जात होता. आम्ही पंखा उलटा बसविला होता. लॅपटॉप जी हवा आत ओढू पाहत होता, तीच आमचा पंखा खाली खेचत होता. एका ताटात दोघांची ओढाओढ! बहुतेक पंख्यांची हवा ज्या बाजूला मधल्या भागाला धरणारे दांडे असतात त्या बाजूने बाहेर पडते. काहींवर बाणही असतो. पण उदबत्तीसारखा खरा साक्षीदार नाही. पंखा पालटला आणि आकडा आला ७६.

आता भगिनींनो, दुधाच्या वहीतला हिशेब ऐका. ९७ वरून ७६, म्हणजे एकवीस अंश उतरले. त्यातले सहा केवळ कापूस काढल्याने, पाच केवळ गादीवरून टेबलावर आणल्याने, सहा त्या मोडक्या पेटीने, आणि चार पंख्याने. पेटीला चुका आणि काचकागद मिळून चाळीस रुपये लागले. गादीवरून उचलण्याला एक पैसाही लागला नाही. ज्याचे सर्वांत कौतुक झाले त्या पंख्याचा वाटा सर्वांत लहान निघाला. माझे सांगणे एवढेच आहे : वारा घालण्याच्या आधी वाट मोकळी करावी. आमच्या यंत्राचे हे आकडे तुमच्या यंत्राला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण क्रम तोच ठेवावा. आधी गादी सोडा, मग साफ करा, मग उंच करा, आणि इतक्यानेही भागले नाही तरच पंखा घ्या.

काही सूचना सांगून संपविते. घडवंची करण्यापूर्वी लॅपटॉप बंद करून उलटा धरा आणि भोके कुठे आहेत ते पाहा. पट्टी भोकांवर येता कामा नये. काहींना खाली भोके नसतात, त्यांची हवा बाजूने किंवा कळांच्या फटीतून जाते. त्यांना खालच्या पंख्याचा उपयोग थोडाच. पंख्यावर अँपिअरचा आकडा असतो, तो अर्ध्याच्या आत असावा. नाही तर पंखा मोबाइलच्या चार्जरवर लावावा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी चुका लवकर गंजतात, तेव्हा पितळी मिळाल्यास उत्तम. पंख्याच्या खाली जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावल्यास वाळू अडते. तो आठवड्याला धुवावा, नाही तर तोच नमदा होईल.

आणि एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. लॅपटॉपच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. सतत तापल्याने ती लवकर म्हातारी होते, आणि कधी फुगतेही. खालचे झाकण उचलल्यासारखे दिसले, यंत्र टेबलावर डुगडुगू लागले किंवा बोट फिरवावयाची चौकट वर आली, तर घडवंची करीत बसू नका. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि जाणकाराकडे न्या. फुगलेली बॅटरी टोचणे किंवा दाबणे म्हणजे आगीला बोलावणे. तसेच रात्री गादीवर, उशीखाली किंवा पांघरुणात लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपण्याची मुलांची सवय आजच मोडा. मुले ऐकत नसतील तर ओरडू नका. त्याच्या पोटाखाली त्यांचा हात धरून दाखवा.

आमच्या मुलीचा प्रकल्प वेळेवर गेला. ती आठ पाने तिने पुन्हा लिहिली. आता ती नोकरीच्या शोधात आहे. अर्ज त्याच यंत्रावरून जातात आणि दुकानाचे हिशेबही चालूच आहेत. यंत्र जुनेच आहे, केव्हातरी जाईलही. पण माझ्या भिशीचे पैसे गादीत कोंडून गेले नाहीत, याचे समाधान आहे.

परवा दुधाचा हिशेब करताना मी वही उलटीकडून उघडली. त्या शेवटच्या पानावर मी आकडे लिहिले होते, पण मथळा घातला नव्हता. तिथे मुलीच्या अक्षरात लिहिलेले दिसले : ‘आईची घडवंची’. केव्हा लिहिले कोण जाणे. मी विचारले नाही आणि ती बोलली नाही.

ज्यांना करून पाहावयाची असेल त्यांनी दुपारी तीननंतर केव्हाही माझ्याकडे यावे. करवत, हातोडी आणि काचकागद माझ्याकडे आहे. फळ्या तुमच्या तुम्ही आणाव्यात, आणि येताना लॅपटॉपच्या लांबीरुंदीचे माप दोऱ्याने घेऊन यावे. मागच्या रांगेत ज्या हसल्या त्यांनी तर अवश्य यावे. त्यांचा अंगठा ठेचणार नाही अशी युक्तीही आता मला सापडली आहे.

आता सतरंज्यांच्या घड्या करण्यासाठी माझ्या जागेवर जाते.